हिस्लॉपसाहेबांचे चरित्र आणि एक उपेक्षित कर्तव्य

अमरावती, अकोला, खामगाव व एलिचपूर या गावांतील जुन्या घरांत एखादा तरी गृहस्थ असा निघतो की, ज्याच्या आजाने किंवा पणज्याने नागपुरास हिस्लॉप कॉलेजात विद्या संपादन केली. सन 1923 मध्ये अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघेपर्यंत वऱ्हाडातील मुलास उच्च शिक्षणाकरिता बाहेरची वाट धरणे प्राप्तच होते, व पुष्कळांची वाट नागपुराकडे जाई. अशा रीतीने ते नाव आमच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या बसले आहे. परंतु ज्याचे ते नाव, तो पुरुष कोण, कोठून आला, कसा राबला व कसा मेला, हे विचारले असता शंभरांत पाच लोकही नीट सांगू शकणार नाहीत. त्या पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावे व त्यातून जे एक कर्तव्य सहज निघते त्याकडे सुज्ञ जनांचे लक्ष वेधावे, असा आमचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परधर्मीयांनी येथे येऊन आपल्या धर्माचा प्रसार करावा की नाही, यासंबंधी लोकांत तीव्र मतभेद होते व आहेत, आणि ते या लेखाने मिटणार नाहीत. आमचा विषय निराळा आहे. जो मनुष्य आपला मुलूख, भाषा व आप्त सोडून परक्या लोकांत सेवेच्या बुद्धीने राहावयास जातो, त्याच्या शरीराची, मनाची व कुटुंबाची काळजी कोणी वाहावी, हा तो विषय होय.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडातील बेरिकशायर परगण्यात डन्स या लहानशा गावी 8 सप्टेंबर 1817 रोजी झाला. घरची स्थिती साधारण होती. परंतु त्या देशात गरिबाच्या मुलासही विद्यापीठाची पायरी चढण्याची सोय असल्यामुळे त्यांचे शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथे झाले. लहानपणापासून दगडधोंडे, किडे, वनस्पती यांचे निरीक्षण करण्याचा त्यांस नाद होता, व तो पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला. सन 1843 मध्ये स्कॉटलंडातील धर्मसंस्थेत मोठी फूट पडून फ्री चर्च नावाचा स्वतंत्र पंथ निघाला, तेव्हा हिस्लॉप त्या पक्षास मिळाले. नव्या पंथाजवळ पैसा थोडा आणि उत्साह फार, अशी स्थिती होती. मद्रास फौजेतील एका अंमलदाराने आपल्या मृत पत्नीच्या स्मरणार्थ देणगी देऊन नागपूर प्रांतात मिशन काढण्याची विनंती केली होती. त्या जागेकरिता हिस्लॉप यांची निवड झाली. सन 1844 मध्ये त्यांचा विवाह झाला व त्याच वर्षाच्या अखेरीस सपत्नीक ते मुंबई बंदरी उतरले. वय अवघे 27 वर्षांचे.

त्या काळचा प्रवास कसा होता याची कल्पना आज येणे कठीण आहे. हिंदुस्थानात आगगाडी सुरू झाली ती सन 1853 मध्ये, आणि लोहमार्ग नागपुरास पोहोचला तो सन 1867 मध्ये. सन 1845 च्या आरंभी ते नवपरिणीत जोडपे मुंबईहून शेकडो मैलांची मजल खुष्कीने करून नागपुरास आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. शहरात मराठी, छावणीत तमिळ व तेलुगू, रानात गोंडी, अशा अनेक भाषा त्या एकाच मुलखात चालत. ओळखीचे म्हणावे असे कोणी नाही, उन्हाळा असा की युरोपीय मनुष्याने तो सोसण्याची कल्पनाही केलेली नसावी, आणि पत्राचे उत्तर घरून यावयास महिनेच्या महिने लागत.

त्यांच्या आधी आलेल्यांची गत काय झाली होती, हे हिस्लॉप यांस ठाऊक होते. थोड्याच वर्षांपूर्वी काही जर्मन धर्मोपदेशक व कारागीर गोंड लोकांत राहण्याकरिता नर्मदेच्या उगमाकडील करंजिया या गावी गेले होते. रान, पावसाळा व अपुरे औषधपाणी यांची त्यांस कल्पना नव्हती. थोड्याच दिवसांत त्यांच्यापैकी बहुतेकांस रोगाने गाठले व तेथेच त्यांच्या कबरी झाल्या. जे वाचले ते नागपुराकडे आले. पाठविणाऱ्यांची भक्ती मोठी होती यात संशय नाही. परंतु त्या भक्तीस व्यवस्थेची जोड नव्हती, आणि त्या उणिवेचे मोल पाठविणाऱ्यांनी न देता पाठविलेल्यांनी दिले.

नागपुरास आल्यावर हिस्लॉप यांनी प्रथम मराठी भाषा शिकण्याचा उद्योग केला आणि सन 1846 मध्ये शाळा काढली. शाळेत मराठीबरोबर इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकविले जाई, आणि ख्रिस्ती धर्मग्रंथही शिकविला जाई. या शेवटच्या गोष्टीवरून शहरात वेळोवेळी खळबळ उडे. तथापि विद्येची ओढ अशी विलक्षण की, शाळेची घडी मोडली नाही. सन 1847 मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे उपदेशक त्यांस येऊन मिळाले. हे गृहस्थ विद्वान व सृष्टिशास्त्राचे भोक्ते असल्यामुळे दोघांची जोडी उत्तम जमली. नागपूर व कामठी या दोन्ही ठिकाणांचे काम, शाळेची व्यवस्था, खेड्यापाड्यांतील फिरती, हिशेब, पत्रव्यवहार, इमारतींची देखरेख, इतकी ओझी या दोघांच्या शिरावर होती.

या सगळ्या धबडग्यातून त्यांनी जी विद्याविषयक कामगिरी केली ती पाहून आजही आश्चर्य वाटते. नागपूरजवळील टाकळी येथील खडकांत त्यांस जुन्या काळच्या प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष सापडले. चांदा जिल्ह्यातील पिसदुरा व मांगली येथील अवशेषही त्यांनी गोळा केले. नागपूरच्या आसपासच्या भूस्तरांवर दोघांनी मिळून लिहिलेला निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळीच्या त्रैमासिकात सन 1855 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि विदर्भाच्या जमिनीचा इतिहास जगातील पंडितांस प्रथमच नीट कळू लागला. एका खनिजास पुढे हिस्लॉपाइट असे नाव मिळाले ते याच पुरुषावरून. त्याखेरीज गोंड लोकांच्या चालीरीती, त्यांचे शब्द आणि परधान गायकांच्या तोंडची लिंगो देवाची दीर्घ कथा त्यांनी श्रमपूर्वक टिपून ठेवली. ज्यांस आमच्या शहाण्या लोकांनी रानटी म्हणून दूर सारले होते, त्यांच्या मुखातील वाङ्मय जपून ठेवण्यासारखे आहे हे एका परक्याने ओळखावे, यात आमच्या समाजाने लाज वाटून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

अति श्रमाचा परिणाम लवकरच दिसला. सन 1855 मध्ये हंटरसाहेबांची प्रकृती ढासळली व त्यांस मायदेशी परत जावे लागले. अशा वेळी लोक हळू आवाजात म्हणतात की, हा मनुष्य टिकला नाही. परंतु पुढील हकीकत ऐकण्यासारखी आहे. हंटर त्यानंतर सुमारे 42 वर्षे जगले, इंग्रजी भाषेचा एक प्रचंड ज्ञानकोशस्वरूप शब्दकोश त्यांनी सिद्ध केला, व सन 1897 मध्ये त्यांचे देहावसान झाले. वेळीच परत गेल्यामुळे मिशनचा एक कामगार कमी झाला खरा, परंतु जगाचा एक विद्वान वाचला. विश्रांतीस पराजय समजणाऱ्यांनी हे उदाहरण नीट ध्यानात ठेवावे.

सोबती गेल्यावर हिस्लॉप यांच्यावरील भार वाढला. मध्यंतरी सन 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले व पुढील वर्षी नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. त्याच 1853 साली निजामाकडून वऱ्हाडही इंग्रजांच्या ताब्यात आले होते. त्यानंतर सन 1857 चे बंड झाले. राज्ये बदलली, अंमलदार बदलले. शाळेतला हा मास्तर मात्र आपल्या जागी होता. सन 1858 मध्ये, म्हणजे येथे आल्यापासून तेरा वर्षांनी, ते रजेवर मायदेशी गेले व सन 1860 मध्ये परत आले. तेरा वर्षे! आमचे व्यापारी बंधू आपल्या लांबच्या पेढीवर मुनीम ठेवतात, परंतु त्यासही घरच्या लग्नकार्यास व सणासुदीस गावी जाण्याची मुभा असते. येथे तर समुद्र मध्ये पडला होता.

सन 1861 मध्ये मध्यप्रांत नावाचा नवा प्रांत निर्माण झाला, व थोड्याच दिवसांत त्याचा कारभार रिचर्ड टेंपल यांच्याकडे आला. मुलखाची, भाषेची व लोकांची इतकी बारीक माहिती असलेला दुसरा युरोपीय मनुष्य त्या प्रांतात क्वचितच असेल; म्हणून शिक्षणाच्या व इतर बाबतींत टेंपलसाहेब हिस्लॉप यांचा सल्ला घेऊ लागले. सन 1863 च्या सप्टेंबर महिन्यात नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांची पाहणी करण्याकरिता दोघे गेले. दिवस पावसाळ्याचे होते. दिनांक 4 रोजी काम आटोपून हिस्लॉप एकटेच घोड्यावर बसून अंधार पडल्यावर बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. वाटेतील ओढ्यास पाणी चढले होते. आमच्या वऱ्हाड-नागपुराकडील नाल्यांची रीत आम्हांस ठाऊक आहे. सकाळी ज्यातून मुले उड्या मारीत जातात तोच नाला संध्याकाळी बैलगाडी गिळतो. त्या पाण्यात हिस्लॉपसाहेबांचा अंत झाला. आणखी चार दिवसांनी त्यांस 46 वर्षे पूर्ण झाली असती. मागे पत्नी व मुले राहिली.

टेंपलसाहेबांनी त्यांचे कागद गोळा करून मध्यप्रांतातील मूळच्या रहिवाशांसंबंधीचा त्यांचा ग्रंथ सन 1866 मध्ये छापविला. त्यांनी लावलेल्या शाळेच्या रोपातून सन 1883 मध्ये कॉलेज उभे राहिले, व त्यास त्यांचे नाव देण्यात आले. मनुष्य गेल्यावर त्याचे स्मारक करण्याची बुद्धी सर्वांस होते. परंतु तो जिवंत असता त्याच्या ताटाची, झोपेची व एकटेपणाची चौकशी करण्याची बुद्धी फार थोड्यांस होते.

ओढ्याच्या पाण्याचा दोष कोणाच्या माथी मारावा असे आमचे म्हणणे नाही. अपघात कोणासही होतो. परंतु हिस्लॉप यांचे सबंध आयुष्य पाहिले म्हणजे दिसते की, शिक्षक, उपदेशक, हिशेबनीस, संशोधक व सल्लागार ही पाच माणसांची कामे एकाच मनुष्याने केली, आणि ती थांबवून त्यास बसा म्हणण्याचा अधिकार जवळपास कोणासही नव्हता. हे एकट्या नागपुरातच घडले असेही नाही. अमेरिकेहून मुंबईस सन 1813 मध्ये आलेले गॉर्डन हॉल यांचे उदाहरण घ्या. त्यांचे एक सोबती यकृताच्या विकाराने सन 1815 मध्ये परतले, दुसरे सन 1821 मध्ये पटकीने वारले. सन 1825 मध्ये हॉल यांनी पत्नीस व दोन मुलांस प्रकृतीच्या कारणाने अमेरिकेस पाठविले. त्यांतील एक मूल समुद्रातच दगावले. स्वतः हॉल नाशिककडील फिरतीत पटकीच्या रोग्यांस औषध देत असता त्याच रोगाने 20 मार्च 1826 रोजी एका खेड्यात मरण पावले. जवळ दोन मुलगे काय ते सोबतीस होते. मराठीचे व्याकरण सन 1805 मध्ये छापणारे बंगालचे विल्यम केरी यांची कीर्ती सर्वत्र आहे. परंतु त्यांची पत्नी डोरोथी परमुलखात यावयास मुळीच राजी नव्हती, येथे आल्यावर तिचा पाच वर्षांचा मुलगा गेला, तिचे चित्त कायमचे भ्रमले, आणि त्याच स्थितीत सन 1807 मध्ये तिचा अंत झाला, हे कितीजण जाणतात? केरींनी भाषांस व्याकरणे दिली. त्यांच्या पत्नीच्या दुःखास मात्र त्या काळी कोणाजवळ शब्द नव्हता.

आमच्या वऱ्हाडातही अशी माणसे होऊन गेली. जेनी फुलर ही अमेरिकन स्त्री प्रथम एलिचपुरास आली, व पुढे आपल्या पतीसह अकोल्यास राहून काम करू लागली. हिंदुस्थानातील स्त्रियांची दुःस्थिती वर्णन करणारा तिचा ग्रंथ पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह सन 1900 मध्ये निघाला. ते साल आमच्याकडे महादुष्काळाचे होते. अकोला व खामगाव येथे अनाथ मुलामुलींचे आश्रम भरून गेले होते. त्याच वर्षी जेनीबाईंचा मृत्यू झाला. ग्रंथातील सर्वच मते आम्हांस मान्य होतील असे नाही; पण आमच्या लेकींबद्दल जिने लिहिले तिची आठवण अकोलेकरांनी ठेवू नये, हे बरे नव्हे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ही माणसे राज्यकर्त्यांच्या वर्णाची. त्यांस बंगले व नोकरचाकर होते. त्यांच्या सुखदुःखाची चिंता आम्ही काय म्हणून करावी? या आक्षेपात सत्याचा अंश आहे, आणि तो आमच्याच म्हणण्यास बळकटी देतो. परदेशी उपदेशकाच्या हाताखाली राबणारे देशी शिक्षक, प्रचारक व बायबल सांगणाऱ्या बाया यांस बहुधा अल्प वेतन मिळे, आणि जातीने टाकल्यामुळे माहेर व सासर दोन्ही तुटलेले असे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी सन 1895 मध्ये धर्मांतर केल्यावर लक्ष्मीबाई व ते यांची काही वर्षे ताटातूट झाली, हे महाराष्ट्रास ठाऊकच आहे. पुढे सन 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडून दिला. तेव्हा काळजी वाहावयाची तर ती गोऱ्या साहेबाची तेवढी व देशी सेवकाची नाही, असा पंक्तिप्रपंच कोणत्याही संस्थेत असू नये, हाच त्याचा निष्कर्ष.

दुसरा आक्षेप असा की, ज्यांचा हेतू धर्मांतराचा त्यांच्याशी ममतेने वागणे म्हणजे त्यांच्या हेतूस साहाय्य करणे होय. आमच्या मते ही समजूत चुकीची आहे. वाद मतांशी असतो. ताप आलेल्या शरीराशी नसतो. ज्याच्याशी आम्ही उद्या भरसभेत वाद घालणार, त्यास आज पुराच्या नाल्यापाशी थांबवून रात्री ओसरीवर निजवणे, हाच आमचा जुना धर्म आहे. अतिथीची जात व पंथ विचारून पाणी देण्याची चाल ज्यांनी पाडली त्यांनी समाजाचे नुकसानच केले.

शिवाय हा प्रश्न आता केवळ ख्रिस्ती मिशनऱ्यांचा राहिलेला नाही. परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करणारे मिशनचे रुग्णालय आहे. अमरावतीस डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी सन 1946 मध्ये स्थापिलेले तपोवन आहे. मेळघाटात कोरकू लोकांत राहणारे कित्येक डॉक्टर, परिचारिका व शिक्षक आहेत. त्यांतील कोणी केरळातून, कोणी पुण्याहून, कोणी अमरावतीच्याच पेठेतून तेथे गेलेला असतो. अमरावतीहून धारणीस जाणे हे नकाशावर लहान अंतर असले, तरी मनाच्या दृष्टीने ते परमुलखात जाणेच आहे. भाषा निराळी, अन्न निराळे, पावसाळ्यात वाट बंद, आणि डोळ्यांदेखत दगावलेल्या बालकांचे दुःख बोलून दाखवावयास जवळ कोणी नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्या संस्था अशा ठिकाणी माणसे पाठवितात, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, त्यांनी पाच गोष्टी नियमाने कराव्या. पाठविण्यापूर्वी भाषा शिकवावी, व मनुष्याची प्रकृती आणि त्याच्या पत्नीची खरी संमती पाहावी. कोणासही एकटे ठेवू नये. प्रतिवर्षी सक्तीची रजा द्यावी, व ती घेणाऱ्यास कमी लेखू नये. मुलांच्या शिक्षणाची व विधवांच्या निर्वाहाची तरतूद आधीच करून ठेवावी. आणि ज्याच्याजवळ मनुष्यास भीती न बाळगता आपले दुःख सांगता येईल, परंतु ज्याच्या हाती त्याची बढती किंवा बडतर्फी नाही, असा एक वडीलधारा मनुष्य नेमावा. आज कित्येक मोठ्या मिशनसंस्था या कामास स्वतंत्र खाते मानू लागल्या आहेत. आमच्या देशी संस्थांनी हा धडा घेण्यास मुळीच संकोच करू नये.

व्यापारी वर्गास आमची आणखी एक विनंती आहे. इमारतीवर नावाची पाटी लावण्याकरिता देणगी देणारे दाते वऱ्हाडात पुष्कळ आहेत, व त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु रानातल्या दवाखान्यातील परिचारिकेस वर्षातून एक महिना विश्रांती मिळावी म्हणून तिच्या जागी दुसरी बाई ठेवण्याचा खर्च कोणी देत नाही, कारण त्या खर्चावर पाटी लागत नाही. कापसाच्या हंगामात बैलास दोन वेळा वैरण व पोळ्यास पुरणपोळी देणारे आम्ही लोक. माणसाच्या बाबतीतच आमचा हिशेब का चुकावा? ज्या दिवशी अकोल्याचा एखादा अडत्या किंवा अमरावतीचा एखादा सराफ आपल्या धर्मादाय खात्यात अशी एक रक्कम निराळी काढील, त्या दिवशी हिस्लॉपसाहेबांचे दुसरे स्मारक झाले असे आम्ही समजू.